पिकांची जोड आणि जोखमीचा हिशेब

नागपूरची इतवारी ही विदर्भातील जुनी ठोक बाजारपेठ आहे. धान्य, किराणा, कापड व सराफी अशी नाना प्रकारची दुकाने तेथे एकमेकांना लागून आहेत. शेतमालाचा लिलाव आज मुख्यतः कळमन्याच्या बाजार समितीच्या आवारात होत असला, तरी इतवारीच्या व्यवहारातून भांडवलाविषयीचा एक मोलाचा धडा अजूनही घेता येतो. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने आपले निम्मे भांडवल कापडात व निम्मे सराफीत घातले. वरवर पाहता त्याने जोखीम दोन ठिकाणी वाटली असे वाटेल. परंतु खेड्यातून येणारे त्याचे गिऱ्हाईक दोन्ही दुकानांत कापूस-सोयाबीन विकून आलेल्या पैशानेच खरेदी करते. पीक बुडाले की दिवाळीला व लग्नसराईला दोन्ही गाद्या एकाच वेळी ओस पडतात. दुकाने दोन, पण जोखीम एकच! याउलट ज्याने निम्मे भांडवल कापडात व निम्मे तेल-मिठाच्या किराण्यात ठेवले, त्याचा धंदा वाईट वर्षी मंदावतो, पण बंद पडत नाही. कारण तेल-मीठ प्रत्येक घराला प्रत्येक वर्षी लागतेच.

शेतकऱ्याचीही स्थिती अशीच आहे. जमीन, बियाणे, खत, मजुरी व स्वतःचे श्रम हे त्याचे भांडवल होय. ते कोणकोणत्या पिकांत व जोडधंद्यांत किती प्रमाणात घालावे, हा प्रश्न दरवर्षी मृगापूर्वी त्याच्यापुढे उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर केवळ ‘कोणत्या पिकात जास्त पैसा आहे’ एवढ्यावरून देऊ नये. उत्पन्न किती खालीवर होते आणि दोन पिकांची उत्पन्ने एकाच वेळी खाली येतात की वेगवेगळ्या वेळी, या दोन गोष्टीही पाहाव्यात. हा हिशेब कसा करावा, ते या लेखात सांगितले आहे.

सरासरी का पुरत नाही

दहा वर्षांची सरासरी चांगली असली म्हणून शेतकरी तरतोच असे नाही. कुटुंबाला सरासरीवर जगता येत नाही. त्याला त्या त्या वर्षीच्या उत्पन्नावर जगावे लागते. एक वर्ष मोठी खोट आली की पीककर्ज थकते. मुदतीत परतफेड करणाऱ्यास मिळणारी व्याजाची सवलत हातची जाते. थकबाकीदारास नवे कर्ज मिळणे कठीण होते आणि पुढच्या पेरणीसाठी खाजगी सावकाराचे दार ठोठवावे लागते. नंतर दोन चांगली वर्षे आली, तरी त्यांतील नफ्याचा मोठा वाटा जुन्या व्याजात जातो. म्हणून ज्या योजनेत सरासरी थोडी कमी, पण वाईट वर्ष फारसे वाईट नाही, ती योजना लहान शेतकऱ्यास पुष्कळदा अधिक हिताची ठरते.

हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम १९५२ साली मांडला गेला. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी त्या वर्षी असे दाखविले की, रोख्यांची निवड एकेकट्या रोख्याच्या गुणावरून न करता सर्व रोख्यांचा एकत्रित चढउतार पाहून करावी. त्याच वर्षी ए. डी. रॉय यांनी ‘आधी सुरक्षितता’ हे तत्त्व मांडले. उत्पन्न ठराविक पातळीखाली जाण्याचा धोका कमीत कमी ठेवावा, असा त्याचा आशय होता. पुढे १९६६ साली विल्यम शार्प यांनी जोखमीच्या मानाने परतावा मोजण्याचे गुणोत्तर दिले. मार्कोविट्झ व शार्प यांना १९९० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष म्हणजे शेतीविषयीही हाच विचार १९५२ सालीच अर्ल हेडी यांनी अमेरिकेतील शेतीच्या संदर्भात केला होता. तेव्हा ही केवळ शेअरबाजाराची विद्या आहे, असे समजण्याचे कारण नाही.

एक उदाहरण

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. ते कोणत्याही गावचे प्रत्यक्ष आकडे नव्हेत. एका एकरातून खर्च वजा जाता मिळालेले उत्पन्न हजार रुपयांत दिले आहे.

पहिले वर्ष: कापूस १४, सोयाबीन १२, तूर १५
दुसरे वर्ष: कापूस २२, सोयाबीन १९, तूर १२
तिसरे वर्ष: कापूस ८, सोयाबीन ५, तूर १३
चौथे वर्ष: कापूस २०, सोयाबीन १८, तूर ६
पाचवे वर्ष: कापूस १६, सोयाबीन १६, तूर १४
सरासरी: कापूस १६, सोयाबीन १४, तूर १२

केवळ सरासरी पाहणारा शेतकरी कापूस पहिला, सोयाबीन दुसरे व तूर तिसरी असा क्रम लावील. कापसाला जोड द्यायची झाल्यास तो सोयाबीनची निवड करील. हा निर्णय कितपत योग्य आहे, ते आता पाहू.

चढउताराचे माप

प्रत्येक वर्षीचे उत्पन्न सरासरीपासून किती दूर आहे ते काढावे. कापसाचे हे फरक अनुक्रमे उणे २, अधिक ६, उणे ८, अधिक ४ व ० असे आहेत. प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज घ्यावी: ४, ३६, ६४, १६ व ० मिळून १२०. या बेरजेस वर्षांच्या संख्येने, म्हणजे ५ ने, भागावे, २४ आले. त्याचे वर्गमूळ सुमारे ४.९ होते. यास प्रमाण विचलन म्हणतात. कापसाचे उत्पन्न सर्वसाधारणपणे सरासरीच्या वरखाली सुमारे ४.९ हजारांनी हलते, असा त्याचा स्थूल अर्थ. वर्गमूळ काढण्याची सोय आता साध्या गणकयंत्रातही असते. त्यामुळे या रीतीचा बाऊ करू नये.

याच रीतीने सोयाबीनचे प्रमाण विचलन ५.१ व तुरीचे ३.२ येते. सोयाबीनची सरासरी कापसापेक्षा कमी असून तिचा चढउतार मात्र अधिक आहे, ही गोष्ट येथेच ध्यानात येते.

सहसंबंध म्हणजे काय

दोन पिके एकाच वेळी चढतात-उतरतात की नाही, हे सांगणाऱ्या आकड्यास सहसंबंध गुणांक म्हणतात. तो उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. गुणांक अधिक १ च्या जवळ असेल, तर दोन्ही पिके एका जुवाला जुंपलेल्या बैलांप्रमाणे बरोबरच चालतात. तो शून्याजवळ असेल, तर एकाच्या चालीवरून दुसऱ्याची चाल सांगता येत नाही. तो उणे असेल, तर एक उतरले असता दुसरे बहुधा चढते.

तो काढण्याची रीत अशी. प्रत्येक वर्षी कापसाच्या फरकास सोयाबीनच्या फरकाने गुणावे. सोयाबीनचे फरक उणे २, अधिक ५, उणे ९, अधिक ४ व अधिक २ आहेत. गुणाकार ४, ३०, ७२, १६ व ० असे येतात; त्यांची बेरीज १२२. आता दोन्ही पिकांच्या वर्गांच्या बेरजा, म्हणजे १२० व १३०, यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे. ते सुमारे १२५ येते. १२२ ला त्याने भागले असता गुणांक सुमारे ०.९८ येतो. म्हणजे या उदाहरणात कापूस व सोयाबीन ही जवळजवळ एकच जोखीम आहे.

तुरीचे फरक अधिक ३, ०, अधिक १, उणे ६ व अधिक २ आहेत. कापसाच्या फरकांशी त्यांच्या गुणाकारांची बेरीज उणे ३८ येते आणि गुणांक सुमारे उणे ०.४९ होतो. म्हणजे कापूस पडला त्या वर्षी तूर बहुधा सावरून धरते.

ज्यांना एवढे गणित नको असेल, त्यांनी केवळ चिन्हे पाहावीत. किती वर्षी दोन्ही पिके आपापल्या सरासरीच्या एकाच बाजूस होती आणि किती वर्षी विरुद्ध बाजूंस होती, हे मोजले तरी निर्णयास पुरेशी दिशा मिळते.

जोडीचा परिणाम

आता निम्म्या जमिनीत कापूस व निम्म्या जमिनीत सोयाबीन घेतले असे समजा. एकरी सरासरी १५ हजार येते. परंतु प्रमाण विचलन ५.० राहते आणि सर्वांत वाईट वर्षी ६.५ हजारच हाती पडतात. पिके दोन झाली, पण जोखीम हलली नाही.

निम्मा कापूस व निम्मी तूर घेतल्यास पाच वर्षांची उत्पन्ने १४.५, १७, १०.५, १३ व १५ अशी होतात. सरासरी १४ हजार, म्हणजे एकट्या सोयाबीनइतकीच. परंतु प्रमाण विचलन केवळ २.२ आहे, सोयाबीनचे ५.१ होते. तेवढ्याच सरासरीत चढउतार निम्म्याहूनही कमी झाला. वाईटात वाईट वर्षीही १०.५ हजार हाती राहिले. हा चढउतार कापसाच्या ४.९ पेक्षा कमी आहेच, पण तुरीच्या ३.२ पेक्षाही कमी आहे. दोन पिके एकत्र आल्याने प्रत्येकीपेक्षा शांत अशी योजना तयार झाली, हे सहसंबंधाचेच फळ होय.

ज्यांना कापसाचा अधिक वाटा हवा आहे, त्यांनी तीन भाग कापूस व एक भाग तूर घेऊन पाहावे. सरासरी १५ हजार येते, म्हणजे कापूस-सोयाबीन जोडीएवढीच. पण प्रमाण विचलन ५.० ऐवजी ३.४ होते आणि सर्वांत वाईट वर्षी ९.२५ हजार मिळतात.

किमान गरज वजा करून तुलना

दोन योजनांची तुलना एकाच आकड्याने करावयाची असल्यास सरासरीला प्रमाण विचलनाने भागतात. परंतु त्यात एक उणीव आहे. शेतकऱ्यास काही रक्कम दरवर्षी लागतेच: घरखर्च, कर्जाचा हप्ता व पुढील पेरणीची तरतूद. ही किमान गरज आधी सरासरीतून वजा करावी व उरलेल्यास प्रमाण विचलनाने भागावे. शार्प यांच्या रीतीत बिनधोक ठेवीवरील व्याज वजा करतात. रॉय यांच्या रीतीत धोक्याची पातळी वजा करतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने दुसरी रीत अधिक जवळची आहे.

आपल्या उदाहरणात किमान गरज एकरी ८ हजार धरू. मग गुणोत्तरे अशी येतात: कापूस १.६, सोयाबीन १.२, तूर १.३, कापूस-सोयाबीन १.४, तीन भाग कापूस व एक भाग तूर २.१, निम्मा कापूस व निम्मी तूर २.८. गुणोत्तर जितके मोठे, तितकी योजना धोक्याच्या पातळीपासून दूर.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. किमान गरज वजा न करता भागले असते, तर एकटी तूर ३.८ गुणोत्तराने एकट्या कापसाच्या ३.३ पेक्षा वरचढ ठरली असती. गरज वजा करताच कापूस पुढे जातो. कारण तुरीची सरासरी मुळात गरजेच्या फारशी वर नाही. म्हणून ज्याच्यावर कर्ज नाही व ज्याच्यावर कर्ज आहे, अशा दोन शेजाऱ्यांना एकच पीकयोजना सारखी लाभेल असे नाही. प्रत्येकाने आपली किमान गरज स्वतः ठरवावी.

विदर्भातील अनुभव

वऱ्हाड-नागपूरचा शेतकरी ज्वारीत किंवा कापसात तुरीची तासे फार पूर्वीपासून घेत आला आहे. त्या पद्धतीचे सामर्थ्य पुढे आकड्यांनी सिद्ध झाले. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेतील राव व विली यांनी १९८० साली ज्वारी-तूर आंतरपिकाच्या नव्वदाहून अधिक प्रयोगांचे आकडे तपासले. उत्पन्नाची एक ठराविक आपत्तीची पातळी धरली असता एकटी तूर ५ वर्षांतून एकदा त्या पातळीखाली जाते, एकटी ज्वारी ८ वर्षांतून एकदा जाते, परंतु ज्वारी-तूर आंतरपीक ३६ वर्षांतून एकदाच जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

याचे कारण पिकांच्या स्वभावात आहे. ज्वारी लवकर वाढते व लवकर निघते. तूर आरंभी सावकाश वाढते, तिची मुळे खोल जातात आणि ज्वारी निघाल्यावर जमिनीतील उरलेल्या ओलीवर ती फुलते. शिवाय एक पीक कमजोर पडले, तर त्याची जागा, ऊन व ओल दुसऱ्यास मिळते. वेगवेगळ्या शेतांत दोन पिके घेतल्यास हा शेवटचा लाभ मिळत नाही.

आकड्यामागील कारण शोधावे

सहसंबंधाचा आकडा काढून थांबू नये. त्यामागचे कारणही पाहावे. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत, दसऱ्याच्या सुमारास निघते. त्या वेळी लांबलेला पाऊस आला, तर सोयाबीनच्या शेंगा खराब होतात आणि त्याच पावसाने कापसाची बोंडेही सडतात. दोहोंच्या भावांवर परदेशातील बाजाराचा प्रभाव असतो. अशी समान कारणे असली की सहसंबंध अधिक राहणार, असे समजावे.

तुरीची संकटे निराळी आहेत: मर रोग, फुलोऱ्याच्या वेळचे ढगाळ हवामान व शेंगा पोखरणारी अळी. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची मोठी हानी केली. ती अळी तुरीवर उपजीविका करीत नाही. परंतु तूरही निर्धोक नाही. २०१५ साली तूरडाळीचा किरकोळ भाव अनेक शहरांत किलोस २०० रुपयांच्या आसपास गेला. त्या आशेने पेरा वाढला व पाऊसही बरा झाला. देशातील तुरीचे उत्पादन २०१५-१६ मधील सुमारे २६ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये सुमारे ४९ लाख टनांवर गेले. भाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल या हमीभावाच्याही खाली आले आणि खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. गेल्या वर्षीचा भाव पाहून सर्व जमीन एका पिकाखाली आणू नये, हाच याचा बोध.

शेताबाहेरील भांडवल

पिकांप्रमाणेच बचतीचाही विचार करावा. इतवारीच्या सराफ्यात घेतलेल्या सोन्याचा भाव विदर्भाच्या पावसावर ठरत नाही. तो जागतिक बाजारावर व रुपयाच्या किमतीवर ठरतो. त्यामुळे पिकाशी त्याचा सहसंबंध अल्प असतो. मात्र दागिन्यांची घडणावळ व मोडताना येणारी तूट उत्पन्नातून वजा करावी. शेळ्यांचे उत्पन्न काही अंशी स्वतंत्र असते. पण दुष्काळात चारा संपून सर्वच जण जनावरे विकावयास काढतात, तेव्हा त्यांचाही भाव पडतो. संत्र्याच्या बागेत फळ येईपर्यंत सुमारे पाच वर्षे भांडवल अडकते व विहीर आटली तर झाडेच जातात; म्हणून पाण्याची खात्री असल्यावाचून तिला जोखीम कमी करणारी जोड मानू नये.

पीकविमा ही एक विशेष जोड आहे. चांगल्या वर्षी त्यातून काहीच मिळत नाही. पीक बुडते तेव्हाच तो पैसा देतो. म्हणून पिकाशी त्याचा सहसंबंध उणे असतो. परंतु भरपाई महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवरून ठरत असेल, तर आपले शेत मंडळाच्या सरासरीबरोबर किती चालते, हाही सहसंबंधाचाच प्रश्न होतो. केवळ आपल्याच शेतात हानी झाली, तर अशी भरपाई हुकू शकते.

सावधगिरी

पाच वर्षांचे आकडे थोडे आहेत; मिळाल्यास दहा वर्षांचे घ्यावेत. जुने रुपये व आजचे रुपये सारखे नाहीत. म्हणून जुने क्विंटल व जुने भाव यांबरोबर खर्चही नोंदवावा आणि भाववाढ लक्षात घ्यावी. ज्या वर्षी पाऊसच फार कमी पडतो, त्या वर्षी एरवी वेगळी चालणारी पिकेही एकत्र बसतात. एखादी जोड सौम्य आपत्तीत उपयोगी पडली म्हणून घोर अवर्षणातही तशीच उपयोगी पडेल, असे गृहीत धरू नये. त्यासाठी पावसावर अवलंबून नसलेली थोडी बचत हाताशी असणे हाच खरा उपाय आहे.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी शक्य तितक्या शेतकऱ्यांबरोबर बसून पुढील क्रमाने हिशेब करावा.

१. प्रत्येक पिकाचे मागील पाच ते दहा वर्षांचे एकरी क्विंटल, भाव व खर्च लिहून घ्यावेत. ज्या शेतकऱ्याची वही नाही, त्याची वही याच वर्षी सुरू करून द्यावी.
२. आंतरपिकाचे शेत हे एकच पीक समजून त्याचे एकत्रित उत्पन्न नोंदवावे.
३. सरासरी व प्रमाण विचलन काढावे आणि सर्वांत वाईट वर्षाखाली रेघ ओढावी.
४. मुख्य पिकाशी इतर पिकांचा सहसंबंध काढावा. निदान चिन्हे तरी मोजावीत.
५. कुटुंबाची एकरी किमान गरज ठरवून ती वजा करावी व निरनिराळ्या जोड्यांची गुणोत्तरे मांडावीत.
६. निर्णय शेतकऱ्यावर सोपवावा. आकडा सल्ला देतो. जमिनीचा मगदूर, घरचे मनुष्यबळ व पाण्याची सोय शेतकऱ्यासच अधिक ठाऊक असते.

ज्यांना गणिताचा अधिक अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्यासाठी डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांचा कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ सालीच प्रसिद्ध केला आहे. देशातील पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय पद्धत घडविण्यात याच दोघांचा मोठा वाटा होता. आणि त्यांपैकी डॉ. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. शेताच्या बांधावरील आकड्यांचे मोल त्यांनी ओळखले होते. ते आकडे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या वहीत आले, तर पुढच्या मृगाला बियाण्याची पिशवी निवडताना त्याला केवळ गेल्या वर्षीच्या भावावर भिस्त ठेवावी लागणार नाही.